नमुना क्रमांक ४७२

म्हैसूरमध्ये माणसानं खरं बोलावं म्हणून सरकारनं खास कप्पे बांधलेत. एका कप्प्यात एकच माणूस मावतो. दोघं शेजारी बसले की खरं बोलणं संपलं, हे सरकारलाही ठाऊक आहे.

हे कप्पे आहेत केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत. सारं गाव तिला सीएफटीआरआय म्हणतं. १९५० साली ही संस्था चेलुवांबा वाड्यात सुरू झाली. वाडा मुळात एका राजकन्येसाठी बांधलेला. आता तिथं धान्य, मसाले, फळं, तेलं यांच्यावर संशोधन चालतं. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांसाठी पावडर करायची रीत इथंच निघाली आणि अमूलनं ती डब्यात भरून घरोघर पोचवली. पण नवा पदार्थ नुसता करून भागत नाही. तो कुणाला तरी खायला घालून ‘कसा झालाय’ हे विचारावं लागतं, आणि तिथं गाडं अडतं. माणूस खाताना प्रामाणिक असतो. खाऊन झाल्यावर त्याला संस्कार आठवतात.

म्हणून चव विचारण्याचंही शास्त्र झालं. चव घेणाऱ्यानं कप्प्यात जाऊन बसायचं. समोरची झडप उघडते, पलीकडून एक हात ताटली सरकवतो, झडप बंद. हात कुणाचा ते कळत नाही. ताटलीत तीन वाट्या, त्यांच्यावर ४७२, ९१५, २३८ असे तीन आकडी नंबर. एक-दोन-तीन असे नंबर देत नाहीत, कारण माणूस पहिल्या नंबराला उगाच झुकतं माप देतो. रंग पाहून मत बनू नये म्हणून वेळप्रसंगी लाल दिवा लावतात. त्या उजेडात करपलेलं आणि खरपूस सारखंच दिसतं. दोन वाट्यांच्या मध्ये पाण्यानं चूळ भरायची. अत्तर लावून यायचं नाही, पान-तंबाखू खाऊन यायचं नाही, पोटभर जेवून यायचं नाही आणि उपाशीही यायचं नाही, कारण भुकेल्या माणसाला काहीही चांगलंच लागतं. शेजारच्या कप्प्यातल्या माणसाशी बोलायचं नाही. त्याचं तोंडसुद्धा दिसता कामा नये. त्यानं नाक मुरडलं की आपलंही मुरडतं. एवढी चोख व्यवस्था पाहिली की आपल्याकडची न्यायालयं फार ढिली चालतात असं वाटायला लागतं.

मग पुढ्यात कागद येतो. त्यावर नऊ पायऱ्या. वर ‘अत्यंत आवडलं’, खाली ‘अत्यंत नावडलं’, मधोमध ‘ना आवडलं ना नावडलं’. ही नऊ पायऱ्यांची मोजपट्टी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करासाठी शिकागोत डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. शिपाई काय खातील आणि काय तसंच टाकतील, हे शिधा पाठवण्याआधी कळावं एवढाच हेतू. आता साऱ्या जगात बिस्किटापासून लोणच्यापर्यंत सगळं याच पट्टीवर मोजतात.

या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच खबरदारी आहे. ज्यानं पदार्थ केलाय तो त्या खोलीत नसतो.

घरात नेमकं उलटं. जिनं केलंय ती समोरच उभी असते, हातात पळी घेऊन. ‘कसं झालंय?’ हा प्रश्न तेव्हा प्रश्न राहत नाही, ती नाकाबंदी असते. आमच्याही घरात एक पट्टी आहे. ‘छान’ म्हणजे ना आवडलं ना नावडलं. ‘छान झालंय, पण तू दमली असशील’ म्हणजे किंचित नावडलं. ‘आज भूकच नव्हती फारशी’ म्हणजे खूप नावडलं. ‘उद्या बाहेरच जाऊ या का जेवायला?’ या वाक्याला पट्टीवर जागाच नाही. ते पट्टीच्या खालच्या टोकावरून घसरून थेट अबोल्यात पडतं.

आपल्या पूर्वजांना हा धोका चांगला ठाऊक असणार. मराठी पानात सगळ्यात आधी मीठ वाढतात. म्हैसूरच्या केळीच्या पानावरही कोपऱ्यात मिठाची चिमूट पडल्याशिवाय बाकीचं काही येत नाही. शास्त्र काय असेल ते असो, मला त्यात शहाणपण दिसतं. मीठ कमी पडलंय असं कुणी बोलून दाखवावं आणि सोहळ्याचा विचका व्हावा, त्यापेक्षा ज्याचं त्यानं गपचूप मिसळून घ्यावं. पंगतीच्या पंगती उठल्या, पिढ्यान्‌पिढ्या उठल्या, आणि आचाऱ्याला काही कळलं नाही.

आता आपण मराठी माणसं पडलो स्पष्टवक्ते. हे आपलं आपणच सांगतो, दुसऱ्या कुणी म्हणेपर्यंत थांबत नाही. ‘मी बाबा तोंडावर सांगणार, राग मानू नकोस’ असं कुणी म्हणालं की पुढचं ऐकायची गरजच उरत नाही. राग तेवढ्यात येऊन गेलेला असतो. पण नीट पाहिलं तर आपला हा बाणेदारपणा ठरावीक खात्यांपुरता चालतो. दुसऱ्याचं वजन, दुसऱ्याच्या भिंतीचा रंग, दुसऱ्याच्या मुलाचे मार्क, दुसऱ्यानं फ्लॅटला मोजलेले पैसे. जिथं खरं सांगायची खरोखर वेळ येते तिथं आपण आकाशाकडे बोट दाखवतो. मुलगी पाहिली, पोहे खाल्ले, घरी येऊन नाक, रंग, नोकरी, सासऱ्याचा स्वभाव यांवर तीन तास खल झाला. आणि कळवलं काय? ‘पत्रिका जुळत नाही.’ महाराष्ट्रात मंगळानं दुसऱ्यांचं जेवढं पाप स्वतःच्या अंगावर घेतलंय, तेवढं एखाद्या साधूनंही घेतलं नसेल.

म्हैसूरकर मात्र स्पष्टवक्तेपणाचा दावा करतच नाहीत. इथं नोकरीनिमित्त येऊन राहिल्यापासून प्रत्येकानं माझ्या कन्नडची तारीफ केली आहे. बँकेतले साहेब, औषधवाला, रिक्षावाला, सगळे म्हणतात तुमचं कन्नड फार छान आहे. म्हणतात ते हिंदीत. मी पुन्हा कन्नडमध्ये आभार मानतो, ते पुन्हा हिंदीत ‘अरे, कितना अच्छा!’ म्हणतात. आमच्यातला तो संवाद अजूनही दोन भाषांत अत्यंत सौजन्यानं चालू आहे. माझ्या कन्नडबद्दलचं खरं मत मला पहिल्याच दिवशी मिळालेलं होतं. ते शब्दांत दिलेलं नव्हतं, इतकंच.

या गावात मत तोंडानं देत नाहीत, हे ध्यानात यायला वेळ लागतो. म्हैसूरपाकाची दंतकथा पाहा. राजवाड्यातल्या काकासुर मादप्पानं बेसन, तूप, साखर एकत्र करून काहीतरी नवं केलं, कृष्णराज वडेयरांनी ते खाऊन याला म्हणतात काय, असं विचारलं, आणि त्यानं सुचलं ते नाव सांगून टाकलं. त्या गोष्टीत ‘वा, फार सुरेख’ असं कुणी म्हणत नाही. महाराज आणखी मागवतात. बस्स. मादप्पाच्या वंशजांचं दुकान आजही सयाजीराव रस्त्यावर आहे आणि गिऱ्हाईकही अभिप्राय देत बसत नाही, रांगेत उभं राहतं.

अशा गावात दसऱ्यासाठी नवरात्रातच माझी थोरली मावशी आली. मावशी सोलापूरची.

आमच्याकडे महाराष्ट्रातून पाहुणे आले की दुभाष्याचं काम माझ्याकडे असतं आणि मी ते सढळ हातानं करतो. खाली घरमालकीणबाई राहतात. त्यांना आम्हीच काय, सारी गल्ली अम्मा म्हणते. सणावाराला त्यांच्याकडून स्टीलचा डबा वर येतो आणि तो रिकामा परत जात नाही. हा नियम म्हैसूरचा की आपला याचा निकाल लागायचा आहे. एकदा माझ्या आईनं अम्मांच्या देखत ‘घरभर मसाल्याचा वास, आणि आमटीत चव औषधालाही नाही’ असं मराठीत म्हटलं. मी ते कन्नडमध्ये ‘आई म्हणतेय, वास घरभर दरवळला’ असं पोचवलं. अर्धं वाक्य खरं होतं. दोघी खूश झाल्या. दोन राज्यांमधल्या सलोख्यासाठी मी यापेक्षा जास्त काय करायला हवं?

पण सोलापूरच्या माणसाला दुभाष्या लागत नाही. मावशीचं बालपण कानडी शेजारात गेलेलं. तिचं कन्नड सोलापूरकडचं, ठसक्याचं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘री’ लावून आदर दाखवणारं आणि त्याच्या आधी काहीही बोलून मोकळं होणारं. अम्मांनी बिसी बेळे भात पाठवला. वर तूप, त्यावर खारी बुंदी. मावशीनं चार घास खाल्ले. संध्याकाळी डबा न्यायला अम्मा स्वतः वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि कसा झाला होता म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी आतून म्हणाली, ‘खार इल्लरी!’ तिखटाचा पत्ता नाही म्हणे. इथं थांबली असती तरी निभावलं असतं. पुढं तिनं सोलापूरला हाच भात कसा करतात, त्यात मिरची किती घालतात आणि ती खाल्ल्यावर माणूस कसा माणसात येतो, याचं साग्रसंगीत वर्णन केलं. अम्मा मान एका बाजूला कलती करून ऐकत होत्या. ‘हौदा?’ म्हणाल्या. असं का? मग हसल्या आणि डबा घेऊन खाली गेल्या. डब्यात आम्ही चिवडा भरला होता. बायकोनं ऐनवेळी त्यात दोन लाडूही कोंबले, नुकसानभरपाई म्हणून.

आठ दिवसांनी पुन्हा बिसी बेळे भात आला. अम्मा या खेपेला स्वतः घेऊन आल्या आणि मावशीच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. भाताचा रंग नेहमीचाच होता. पण इथल्या घरांतला लाल रंग बहुतेक ब्याडगीचा असतो. ब्याडगी मिरची दिसायला जहाल, चवीला गरीब. या भातात गुंटूर होती हे मला वासावरून कळलं. मावशीनं पहिला घास घेतला. तिच्या कपाळावर एकेक थेंब उगवताना मी पाहिला. डोळे भरले, नाक लाल झालं, हात तांब्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला, कारण पाणी प्यायलं तर सोलापूरची अब्रू जाते. अम्मांनी अतिशय मायेनं विचारलं, तिखट बरोबर झालं ना? मावशीनं आवंढा गिळला आणि तिच्या साऱ्या हयातीत कुणी ऐकला नसेल असा शब्द उच्चारला: ‘चेन्नागिदे.’ तोही शुद्ध म्हैसुरी. मग आवडलंय म्हटल्यावर अम्मांनी आणखी दोन डाव वाढले.

हे आदरातिथ्य होतं की उत्तर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हैसूरमध्ये दोन्ही एकाच डब्यातून येतात.

मला अशा वेळी आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवतो. लक्ष्मण याच गावचे, १९२१ चा जन्म. मुंबईत जाऊन १९५१ पासून त्यांनी टाइम्समध्ये एक चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला, टकलावर दोनचार केस राखून असलेला म्हातारा रोज उभा केला. सदराचं नाव ‘यू सेड इट’, आणि त्यात हा गृहस्थ एक शब्दही बोलत नाही. मंत्री बोलतात, कारकून बोलतात, कंत्राटदार बोलतात. हा भुवया थोड्या वर करून नुसता पाहतो. काही दशकं सरकारला रोज सकाळी अभिप्राय मिळत होता आणि तो देणाऱ्यानं तोंड उघडलेलं नव्हतं. लोक त्याला भारताचा सामान्य माणूस म्हणतात. माझ्या मते तो म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधला कुणाचा तरी घरमालक आहे.

या लक्ष्मणांनाच तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला होता. आमच्या संस्थेत विद्यार्थी म्हणून घ्यावं इतपत गुणवत्ता तुमच्या चित्रांत नाही, अशा अर्थाचं पत्र अधिष्ठात्यांकडून आलं. अभिप्राय कसा द्यावा याचा नमुना म्हणून ते पत्र शिकवायला हरकत नाही. आडपडदा नाही, अपशब्द नाही, पाल्हाळ नाही, ताटकळत ठेवणं नाही. फक्त मत चुकीचं होतं. स्पष्टवक्त्यांच्या हे कधी लक्षातच येत नाही. आपण मनापासून बोललो म्हणजे बरोबरच बोललो, असं त्यांना वाटतं. लक्ष्मण म्हैसूर विद्यापीठाचे बी. ए. झाले, मुंबईत फ्री प्रेस जर्नलमध्ये बाळ ठाकरे यांच्यासोबत काम करू लागले, मग टाइम्समध्ये गेले आणि जे. जे. च्या शेजारच्या त्या इमारतीतून त्यांनी साऱ्या देशाला तपासायला घेतलं. वरळीच्या समुद्राकाठी आता त्यांच्या म्हाताऱ्याचा पुतळा आहे. तोही गप्प.

त्यांचे थोरले बंधू आर. के. नारायण. वडील मुख्याध्यापक, आणि हे कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत नापास झाले ते इंग्रजीत! पुढं इंग्रजीत कादंबरी लिहिली, ती लंडनच्या एकामागून एक प्रकाशकांनी परत पाठवली. तेव्हा त्यांनी ऑक्सफर्डमधल्या मित्राला कळवलं की आता बाड दगड बांधून थेम्समध्ये बुडव. मित्रानं सल्ला न मानता ते ग्रॅहम ग्रीनला वाचायला दिलं. ग्रीननं नारायणना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांची आई काय म्हणेल, दिवाळीला भेटल्यावर काय बोलायचं, मुलाला नोकरी नाही म्हणून जरा बरं म्हणावं का, असलं काहीही त्याच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. कप्प्यात बसून त्यानं चव घेतली, आवडली, प्रकाशक शोधून दिला आणि १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ छापून आलं. लांबलचक नारायणस्वामी हे नावही त्यानंच कापायला लावलं. दोघं प्रत्यक्ष भेटले १९५६ साली. भेट एकवीस वर्षं लांबली हे दोघांच्याही पथ्यावर पडलं असावं.

नारायण स्वतः मत देताना कसे होते? समोरासमोर सौम्य. स्वतःच्याच कादंबरीवरच्या ‘गाइड’ सिनेमाच्या मंडळींना त्यांनी म्हैसूरच्या आसपासची नदी, देवळं, गल्ल्या हौसेनं दाखवल्या. मंडळींनी सगळ्याला माना डोलावल्या आणि राजस्थानात जाऊन चित्रीकरण केलं. नारायणनी कुणाची कॉलर धरली नाही. पुढं ‘मिसगायडेड गाइड’ नावाचा निबंध लिहिला, आणि त्यात जे हळुवारपणे सोललंय ते वाचल्यावर कॉलर धरलेली परवडली असती असं वाटतं.

आता कुणी म्हणेल की म्हैसूरची माणसं म्हणजे निव्वळ लोणी. तसं म्हणणाऱ्यानं पुण्यातल्या मॉडेल कॉलनीत चौकशी करावी. बी. के. एस. अय्यंगार म्हैसूरमध्येच घडले. १९३४ साली किशोरवयात ते इथं मेव्हणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे आले. कृष्णमाचार्य राजाश्रयानं जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवत आणि त्यांचा अभिप्राय हाडांपर्यंत पोचत असे. १९३७ साली त्यांनी शिष्याला पुण्याला धाडलं. पुणं म्हणजे साऱ्या जगाच्या चुका काढणारं शहर. त्या शहरातल्या लोकांना या माणसानं एका पायावर उभं केलं, गुडघ्यावर चापट मारली, पाठ सरळ नाही म्हणून ओरडून झापलं, आणि पुणेकर फी भरून ऐकून घेत राहिले. बी. के. एस. म्हणजे ‘बीट, किक, स्लॅप’, असा विनोद त्यांचे परदेशी शिष्य आपसांत करायचे. याचं कारण मला असं दिसतं की वाकड्या खांद्याला वाकडा म्हटलं तर खांद्याला वाईट वाटत नाही. आणि अय्यंगार ओरडून निघून जात नसत. तो खांदा सरळ होईपर्यंत तिथंच उभे राहत. आपले स्पष्टवक्ते बोलून झालं की चहा मागतात.

भाचा इथल्याच एका मोठ्या आयटी कंपनीत प्रशिक्षण घेतोय. त्यांना अभिप्राय देण्याचंही प्रशिक्षण असतं: आधी चांगलं सांगा, मग उणीव, मग पुन्हा चांगलं. त्याला सांगण्यात आलं की तुझं सादरीकरण आटोपशीर होतं, विषय कळलेला दिसत नाही, आणि शर्ट छान आहे. त्यानं तसलेच आणखी दोन शर्ट घेतले.

तर मूळ गोष्ट. इथल्या मराठी घरांची कोजागिरी असते. गच्चीवर दूध, थोडं गाणं, थोडी भेळ. यंदा तिथं एका निवृत्त इंजिनिअर काकांच्या कवितासंग्रहाचं प्रकाशनही उरकून घेतलं. कवींना म्हैसुरी पेटा घालण्यात आला. जरीचा तो पेटा एकदा डोक्यावर बसला की समोरच्या माणसाच्या टीकाशक्तीला लकवा होतो; आपल्याकडे शाल-श्रीफळानं होतो तसाच. मुख्य पाहुणे कन्नड होते. मला मराठी येत नाही, पण भावना पोचल्या, असं म्हणून ते सुटले. त्यांचा मला फार हेवा वाटला.

काका एकेकाला गाठून म्हणत होते, ‘अगदी खरं सांगा हं, मला टीका आवडते.’ टीका आवडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. टीका मागायला आवडणारे पुष्कळ आहेत. पण अशा प्रसंगासाठी मराठी साहित्यव्यवहारानं एक शस्त्रागार जपून ठेवलंय आणि त्या रात्री ते सगळं बाहेर आलं. एक म्हणाले, छपाई सुबक आहे. दुसरे म्हणाले, मुखपृष्ठ बोलकं झालंय. एका वहिनींनी पुस्तक उलटसुलट करून ‘कागद जाड वापरलाय, टिकेल’ असा निर्वाळा दिला. कुणी म्हणालं, नोकरी सांभाळून हे जमवलंत म्हणजे कमाल आहे. कुणी म्हणालं, हे एका बैठकीत वाचून होण्यासारखं नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ मराठीचे प्राध्यापक होते. त्यांनी ‘या प्रयोगाची दखल घ्यावी लागेल’ एवढं म्हणून दुधाच्या पातेल्याकडे प्रयाण केलं. काका मावशीपाशी आले तेव्हा मी श्वास रोखला. बिसी बेळे भाताला तेव्हा दोनच दिवस झाले होते. मावशी म्हणाली, ‘दुधात केशर अस्सल आहे.’

माझी पाळी आली तेव्हा सगळी वाक्यं संपलेली होती. मी म्हणालो, यावर सविस्तर बोलायला हवं. हे मराठीतलं सगळ्यात सुरक्षित वाक्य आहे, कारण त्यापुढं कुणी ‘कधी?’ असं विचारत नाही. काकांनी खिशातून डायरी काढली. ‘रविवारी? अकराला?’

म्हैसूरमध्ये खाण्याची दुसरीही एक प्रयोगशाळा आहे, १९६१ पासून, संरक्षण खात्याची. सीमेवरच्या जवानांसाठी टिकणाऱ्या चपात्या, नुसत्या गरम करून खाता येतील असे भात, हे सगळं तिथं तयार होतं. राकेश शर्मा १९८४ साली अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासाठीचं भारतीय खाणंही तिथंच बनलं होतं. पण जवानाला विचारून काय कळणार? एकतर तो शिस्तीत ‘छान आहे साहेब’ म्हणणार, नाहीतर साऱ्या जगाच्या सैनिकांप्रमाणे सगळ्यालाच नावं ठेवणार. फौजेच्या अन्नावर काम करणाऱ्यांनी यावर जगभर एक साधा इलाज काढलाय. जेवण झाल्यावर ताटात काय उरलं ते वजन करून पाहायचं. नऊ पायऱ्यांचा कागद एकवेळ खोटं बोलेल, खरकटं बोलत नाही.

गावातही ही पद्धत चालू असते, फक्त कुणी तिला शास्त्र म्हणत नाही. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात म्हैसूर देशात पहिलं आलं, ते इथल्या पौरकार्मिकांच्या, म्हणजे सफाई कामगारांच्या, जिवावर. रोज सकाळी ढकलगाडी दारात येते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. आमच्या गल्लीत येणाऱ्या बाईंना प्रत्येक घरातलं काय फसलं ते माहीत असतं. कुणाकडच्या पाहुण्यांनी पोळ्यांच्या कडा टाकल्या, कुणी शेजारचा डबा तसाच ओतला, सगळं. एकदा माझ्या बायकोकडे पाहून त्या ‘उप्पिट्टू?’ एवढंच म्हणाल्या आणि सहानुभूतीनं हसल्या. बायकोनं त्यानंतर महिनाभर उप्पिट्टू केलं नाही. आम्ही घरातल्यांनी ‘छान’ म्हणून जे दोन वर्षांत साधलं नव्हतं, ते एका शब्दात झालं.

परवा त्यांनी सुक्या कचऱ्यातून एक पुस्तक वर काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. चुकून आलं असणार, म्हणाल्या, आत पेनानं काहीतरी लिहिलंय, कुणीतरी प्रेमानं दिलेलं दिसतंय. कोऱ्या पानावर ‘सप्रेम भेट’, खाली काकांची लफ्फेदार सही. ते पुस्तक कचऱ्यात गेलं कसं, याची घरात चौकशी झाली. मावशी आदल्याच रात्री सोलापूरच्या गाडीत बसली होती, त्यामुळे सर्वानुमते तिचं नाव निश्चित करण्यात आलं.

पुस्तक आता दर्शनी टेबलावर आहे. रविवारी काका येताहेत. बायको म्हणाली, मी उप्पिट्टू करते.